डिगेटिया वंशाचा कोळी सहा डोळ्यांवरून ओळखता येतो का?

प्रश्न – निवडुंगाशेजारी
मी ॲरिझोनातील टूसॉन शहराजवळ राहते. येथील फड्या निवडुंगांमध्ये वरून बंद असलेली रेशमाची एक उभी नळी लटकलेली दिसते, तिच्यावर वाळलेली पाने व कीटकांचे अवशेष चिकटवलेले असतात आणि खालच्या तोंडापासून जाळे पसरलेले असते. छायाचित्र मोठे केल्यावर कोळ्याला सहा डोळे असून ते जोडीजोडीने तीन ठिकाणी असल्याचे दिसले. विषारी लॉक्सोसेलिस वंशातही हीच मांडणी असल्याने घरची मंडळी धास्तावली आहेत. हा डिगेटिया आहे, असे खात्रीने म्हणता येईल का?

उत्तर – कोळीनिरीक्षक
आपल्या वर्णनावरून हा डिगेटियाच वाटतो. मात्र त्याचे श्रेय डोळ्यांपेक्षा जाळ्याला अधिक आहे. तीन जोड्यांची ही मांडणी अनेक कुलांत आढळते, त्यामुळे तिच्यावरून शोध आटोपशीर होतो, वंश ठरत नाही. खुद्द कोळ्यांचे अभ्यासक मॅककुक यांनी १८९० मध्ये या वंशातील 'कॅनिटीझ' ही जाती सेजेस्ट्रिया या वेगळ्याच वंशात घातली होती. डिगेटिया हा वंश फ्रेंच कोळीतज्ज्ञ सिमाँ यांनी १८९५ मध्ये स्थापन केला आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियात नमुने गोळा करणाऱ्या लेओं दिगे यांचे नाव त्याला दिले. सेजेस्ट्रिया बसलेला असताना पायांच्या पहिल्या तीन जोड्या पुढे वळवतो, तेवढ्यावरूनही तो वेगळा काढता येतो.

लॉक्सोसेलिस झुडपात असे घर बांधत नाही. दगडाखाली किंवा लाकडाच्या आडोशाला त्याचे विरळ, अस्ताव्यस्त जाळे असते. त्याचे उदर एकरंगी असते आणि पायांवर पट्टे नसतात, तर डिगेटियाच्या अंगावर पांढरी लव, उदरावर पानासारखी नक्षी आणि पायांवर गडद वलये दिसतात. सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर पायाचे टोक पाहावे: डिगेटियाला तीन नख्या असतात, लॉक्सोसेलिसला दोनच. नळीत कौलांप्रमाणे एकावर एक रचलेल्या अंडपिशव्या आढळल्या, तर माझ्या मते शंकेला फारशी जागा उरत नाही.

उत्तर – अष्टपाद
एक सावधगिरी मात्र बाळगावी. मेटेपेइरा हा कोळीही निवडुंगावर कचऱ्याने झाकलेला आडोसा करतो. परंतु त्याला आठ डोळे असतात आणि शेजारी चाकासारखे गोल जाळे असते. नात्याने जवळच्या प्लेक्ट्रुरिस वंशालाही आठ डोळे असतात, तो दगडांखाली नळीत राहतो आणि नराच्या पहिल्या पायावर मादीला धरण्यासाठी आकडा असतो. डिगेटियाच्या कुलातील दुसरा वंश, सेजेस्ट्रिओइडीस, केवळ दक्षिण अमेरिकेत सापडतो. त्यामुळे टूसॉनमध्ये त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

प्रश्न – निवडुंगाशेजारी
आभारी आहे. छायाचित्रावरून जातीही सांगता येईल का?

उत्तर – कोळीनिरीक्षक
नक्षीवरून अंदाज बांधता येईल, निर्णय देता येणार नाही. या कोळ्यांच्या माद्यांमध्ये उदराखाली अनेक कोळ्यांत असते तशी कठीण जननपट्टिका नसते. म्हणून प्रौढ नर मिळाल्यास त्याच्या पेडिपाल्पचे (तोंडाजवळच्या, मीलनासाठी वापरल्या जाणाऱ्या पायासारख्या अवयवाचे) बाजूने, जवळून छायाचित्र घ्यावे. कोळीतज्ज्ञ गर्ट्श यांनी १९५८ मध्ये या कुलाचा आढावा घेतला होता, त्यातील आकृत्यांशी ते ताडून पाहता येईल.