कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांच्या जीवनाची गुणवत्ता मोजण्यासाठी कोणती प्रश्नावली योग्य?

प्रश्न

नमस्कार. उपचार पूर्ण होऊन किमान दोन वर्षे लोटलेल्या, १८ ते ३९ या वयातील व्यक्तींच्या जीवनाची गुणवत्ता हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे. मी ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० ही ३० प्रश्नांची प्रश्नावली निवडली, कारण ती अनेक भाषांत उपलब्ध आहे आणि तिच्या आधारे आधीच्या संशोधनाशी तुलना करता येते. पूर्वचाचणीत बहुतेकांना शारीरिक कार्यक्षमतेत १०० पैकी १०० किंवा त्याच्या अगदी जवळचे गुण मिळाले. मात्र कागद बाजूला ठेवल्यावर याच व्यक्ती अर्धवट सुटलेल्या शिक्षणाबद्दल, मूल होईल की नाही या चिंतेबद्दल आणि लग्नाच्या बोलणीत आजार केव्हा सांगावा याबद्दल बराच वेळ बोलत राहिल्या. यातले काहीही माझ्या आकड्यांत उतरलेले नाही. चूक निवडीत आहे की माझ्या वापरात?

पहिला प्रतिसाद

आपल्या वापरात चूक दिसत नाही. ही प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली ती मुख्यतः चिकित्सालयीन चाचण्यांतील, म्हणजे बहुधा उपचार चालू असलेल्या रुग्णांसाठी. लांब चालताना त्रास होतो का, दिवसा अंथरुणात किंवा खुर्चीत बसून राहावे लागते का, जेवताना किंवा कपडे घालताना मदत लागते का, असे तिचे शारीरिक कार्यक्षमतेचे प्रश्न आहेत. उपचारांनंतर तीन वर्षांनी पंचविशीतली व्यक्ती या सर्वांना ‘अजिबात नाही’ असे उत्तर देते आणि तिला पूर्ण गुण मिळतात. मापनशास्त्रात याला कमाल-मर्यादा परिणाम म्हणतात. फूटपट्टी जिथे संपते त्याच्यापुढचा फरक तिच्यावर उमटत नाही. प्रजननक्षमतेविषयी मूळ प्रश्नावलीत एकही प्रश्न नाही आणि आर्थिक अडचणीविषयी एकच आहे.

अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था १५ ते ३९ हा वयोगट वेगळा मानते. शिक्षण, पहिली नोकरी, आई-वडिलांपासून स्वतंत्र होणे आणि जोडीदार शोधणे ही कामे याच काळात एकापाठोपाठ येतात आणि आजार त्यांच्या मधोमध उभा राहतो. म्हणून ‘या वयाला जे महत्त्वाचे आहे ते प्रश्नांत आले आहे का’ ही आशय-वैधतेची कसोटी मला विश्वासार्हतेच्या गुणांकाइतकीच (उत्तरांत किती सातत्य आहे ते दाखवणाऱ्या आकड्याइतकीच), किंबहुना त्याहून अधिक, मोलाची वाटते. सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना करायची असेल तर एसएफ-३६ किंवा प्रॉमिस ही कोणत्याही एका आजारापुरती नसलेली, आरोग्यविषयक सर्वसाधारण प्रश्नसाधने वापरावीत. प्रॉमिसमध्ये संदर्भ लोकसंख्येची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसरणीचे माप) १० धरलेले असल्याने गुणांचा अर्थ लावणे सोपे जाते. त्याच्या जोडीला आजारोत्तर जीवनासाठीच तयार झालेले एखादे साधन घ्यावे. ईओआरटीसीनेही उपचारांनंतरच्या आयुष्यासाठी वेगळी प्रश्नावली विकसित केली आहे.

दुसरा प्रतिसाद

मला २२ व्या वर्षी लिम्फोमा (लसीका संस्थेचा कर्करोग) झाला होता. अशा प्रश्नावल्या मी अनेकदा भरल्या आहेत, म्हणून उत्तर देणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

‘काम करताना अडचण आली का’ या प्रश्नाला मी दर वेळी ‘अजिबात नाही’ असे लिहिले आणि ते खरेच होते, कारण थकवा झेपणार नाही हे ओळखून मी आधीच प्रवासाची नोकरी सोडून बैठे काम धरले होते. जे सोडून दिले त्याची अडचण येत नाही, आणि प्रश्न तर जे चालू आहे त्याविषयीच असतात. माझे पूर्ण गुण पाहून कोणी मला पूर्ण बरा समजला असेल, तर त्यात त्याचा दोष नाही, पण मी काय गमावले ते त्याला कळलेले नाही.

दुसरे, ‘गेल्या आठवड्यात’ हे शब्द. माझे बहुतेक आठवडे शांत जातात, फक्त तपासणीच्या आधीचा आठवडा झोपेविना जातो. प्रश्नावली कोणत्या आठवड्यात हाती येते यावर उत्तर अवलंबून असते.

तिसरा प्रतिसाद

मी पाठपुरावा विभागात परिचारिका आहे. लैंगिक जीवन आणि अपत्यप्राप्ती यांविषयीचे प्रश्न आई-वडील शेजारी बसलेले असताना भरून घेऊ नयेत. अशा वेळी रिकामी सोडलेली जागा म्हणजे ‘त्रास नाही’ असे मानले जाते, आणि ते मी वारंवार पाहिले आहे. स्वतंत्र खोली द्यावी आणि ‘उत्तर द्यायचे नाही’ हा पर्याय छापलेला असावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. नोकरी सोडल्याचा अनुभव वाचून मी पूर्वचाचणीतील दोघांशी पुन्हा बोलले, आणि दोघांनीही असेच काहीतरी सोडलेले निघाले. आता पुढील तपासणीची तारीख प्रत्येकाकडून नोंदवून घेईन, आणि ‘आजारामुळे आपण काय करायचे सोडून दिले?’ असा एक खुला प्रश्न जोडेन. त्याचे गुण मूळ प्रश्नावलीत मिळवले तर चालेल का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

कृपया मिळवू नका. प्रमाणित प्रश्नावलीत प्रश्न वाढवला किंवा वगळला की तिची सिद्ध झालेली वैधता लागू राहत नाही आणि इतर अभ्यासांशी तुलनाही तुटते. आपला प्रश्न मूळ प्रश्नावली पूर्ण भरून झाल्यावर, वेगळ्या पानावर विचारा, म्हणजे आधीच्या उत्तरांवर त्याची छाया पडणार नाही, आणि उत्तरे गुणात्मक माहिती म्हणून स्वतंत्रपणे मांडा. ज्यांना पूर्ण गुण मिळाले आहेत त्यांची या प्रश्नाची उत्तरे सर्वांत आधी वाचा.