सोतापन्न आणि दशभूमी: दोन्ही क्रम एकच का?

प्रश्न (सोलापूर): आमच्या विहारात वर्षावासानिमित्त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू आहे. त्यात बोधिसत्त्वाच्या (बुद्ध होऊ पाहणाऱ्या साधकाच्या) मुदिता ते धर्ममेघा अशा दहा अवस्था येतात. भन्तेजी मात्र सोतापन्न, सकदागामी, अनागामी आणि अरहंत असे मुक्तिमार्गाचे चारच टप्पे सांगतात. यांचा मेळ कसा घालावा?

उत्तर १: मेळ घालू नये, असे माझे मत आहे. थेरवादातील (पाली परंपरेतील) चार टप्पे दहा संयोजनांच्या, म्हणजे संसारात बांधून ठेवणाऱ्या मनाच्या बंधनांच्या, क्षयावर मोजले जातात: सक्कायदिट्ठी ('मी'पणाची चुकीची समजूत), विचिकिच्छा (शंका) आणि सीलब्बतपरामास (व्रत-कर्मकांडांनाच चिकटून राहणे) ही तीन तुटली की साधक सोतापन्न होतो व त्याचे जास्तीत जास्त सात जन्म उरतात, सकदागामीत कामराग (विषयांची आसक्ती) व व्यापाद (द्वेष) क्षीण होतात, अनागामीत ते समूळ नष्ट होतात आणि उरलेली पाच अरहंतपदी तुटतात. बौद्ध धम्माच्या महायान परंपरेतील दशभूमी (म्हणजेच तुम्ही वाचलेल्या दहा अवस्था) मात्र बुद्धत्वाकडे निघालेल्या बोधिसत्त्वाच्या असून त्या दहा पारमितांशी (दान, शील यांसारख्या गुणांच्या परिपूर्णतेशी) जोडलेल्या आहेत.

उत्तर २: वरील उत्तराशी सहमत. दहा संयोजने आणि दहा भूमी यांची संख्या जुळते, एवढ्यावरून अनेक जण (व्याख्यातेसुद्धा) जोड्या लावत बसतात.

प्रश्नकर्ता: मग थेरवादात बोधिसत्त्व नाहीच का?

उत्तर १: आहे. जातककथांतील बोधिसत्त्व दहा पारमी (पारमिता) पूर्ण करतो. परंतु थेरवादात तो मार्ग सर्वांसाठी सांगितलेला नाही.