मदत हवी आहे : जुन्या ॲम्प्लिफायरसाठी डॅक कोणता घ्यावा? (ऐकणं मुख्यतः ख्याल, घरात स्ट्रीमिंग)

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी (अप्पांसाठी) घरातली गाणी ऐकायची व्यवस्था नव्याने लावते आहे आणि डॅक (डिजिटल गाण्याचं ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण) निवडताना अडले आहे. जाणकारांनी वेळ काढून वाचावं ही विनंती. थोडं लांबलंय, पण अर्धवट माहिती दिली की सल्लाही अर्धवट मिळतो.

आधी घरात काय आहे ते सांगते. ८०च्या दशकातला एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे, चांगल्या स्थितीत. मागे ऑक्स (बाहेरचं उपकरण जोडायचं इनपुट) आणि टेप अशा आरसीए जोड्या, म्हणजे डाव्या-उजव्या वायरीची गोल भोकं, आहेत, डिजिटल इनपुट एकही नाही. त्याला शेल्फवर बसणारे दोन पॅसिव्ह स्पीकर जोडलेले आहेत. हॉल साधारण १२ बाय १४ फूट, खाली फरशी, एका बाजूला पुस्तकांचं कपाट. राउटर त्याच खोलीत. फोन अँड्रॉइड, आणि घरात सगळ्यांसाठी मिळून ॲपल म्युझिक घेतलेलं आहे.

सध्या फोनवरचं गाणं एका स्वस्तातल्या ब्लूटूथ रिसीव्हरमधून ॲम्प्लिफायरला जातं. त्यातून मराठी-हिंदी चित्रपटगीतं बरी वाजतात. ख्याल लावला की अप्पा म्हणतात, "गळा आहे, तानपुरा कुठंय?" आम्ही मिरजेचे. अप्पा लहानपणापासून सतारमेकर गल्लीत जाऊन बसणारे. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत कारागीर जवारी (तारेचा झंकारणारा भरीव नाद) कशी उघडतो, ते त्यांनी वर्षानुवर्षं जवळून ऐकलंय. त्यामुळे त्यांची तक्रार मी वयावर ढकलत नाही. मलाही ते ऐकू येतं : गायक थांबला की तानपुरा पुढे येतो, आणि आवाज लागला की तो नुसता एक धुरकट गुणगुणाट होऊन मागे पडतो.

याचं कारण मी असं समजते. ब्लूटूथवर गाणं आहे तसं जात नाही, पुन्हा दाबून पाठवलं जातं. सीडीच्या दर्जाचा ओघ सेकंदाला १४११ किलोबिट असतो, आणि साध्या रिसीव्हरमध्ये चालणारा एसबीसी कोडेक (ध्वनी दाबून पाठवण्याची पद्धत) त्यातले जास्तीत जास्त ३२८च्या आसपास ठेवतो. तो ध्वनीचे पट्टे पाडतो आणि ज्या पट्ट्यात जोर जास्त त्याला जास्त बिट देतो. एएसीसारखे कोडेक तर मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज सोडूनच देतात, त्यांचं तत्त्वच ते आहे. तानपुरा नेमका तिथेच राहतो. गळ्याच्या खाली, सतत, आणि जवारीमुळे वरच्या स्वरांशांनी गच्च भरलेला. एलडॅक हा ब्लूटूथचाच कोडेक ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण त्यासाठी दोन्हीकडे तो असावा लागतो आणि सिग्नल घसरला की तोही ६६० किंवा ३३०वर येतो. म्हणून ब्लूटूथ बंद करायचं, एवढं ठरलंय.

लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ऑक्सला वायर टाकूनही पाहिली. तानपुरा लगेच सुधारला, पण चार्जर लावला की स्पीकरमधून घूं सुरू होते, काढला की बंद. म्हणजे अर्थिंगचं वेटोळं होतंय, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची ती घूं आहे. ऑप्टिकल केबलमध्ये तांब्याची जोडणीच नसते, नुसता प्रकाश जातो, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून डॅकला ऑप्टिकल इनपुट हवंच, ही माझी पहिली अट.

दुसरी अट अप्पांसाठीची. गाणं लावायला त्यांना लॅपटॉप उघडावा लागू नये आणि फोन वायरीने बांधलेला नसावा. ते फोनवर गाणं शोधतात, लावतात आणि फोन घेऊन गॅलरीत जातात.

आता पर्याय.

फोनला लावायचं यूएसबी-सी ते ३.५ मिमी ॲडॅप्टर. ॲपलच्या त्या एवढ्याशा वायरीतही डॅक असतो आणि किमतीच्या मानाने तो फार चांगला आहे हे मान्य. पण अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी येतो, आणि फोन बांधला जातोच. हा पर्याय बाद.

टेबलावर ठेवायचा स्वतंत्र डॅक : टॉपिंगचा ई३० टू, एसएमएसएलचा एसयू-१. दोन्हींत यूएसबी, ऑप्टिकल आणि कोॲक्शियल इनपुट आहेत. फिओचा के११ही पाहिला, पण त्यात हेडफोन ॲम्प्लिफायरचे पैसे जातात आणि आमच्याकडे हेडफोनवर कोणी ऐकत नाही. अडचण अशी की या डॅकना वायफाय नाही. त्यांना गाणं द्यायला आधी काहीतरी लागणारच.

म्हणून तिसरा पर्याय, नेटवर्क स्ट्रीमर. विम मिनी किंवा विम प्रो. यांच्यात डॅकही आहे आणि ऑप्टिकल आउटपुटही, म्हणजे पुढेमागे वेगळा डॅक जोडता येईल. मला यातली सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे गाणं फोनमधून जात नाही. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गूगल कास्टने लावलं की स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून ओघ खेचतो, फोन फक्त रिमोटचं काम करतो. फोन आला, अप्पा बोलत बसले, तरी विलंबित चालूच राहतं. कास्टची सोय प्रोमध्ये आहे, मिनीमध्ये नाही.

इथे माझा पहिला खरा प्रश्न. अँड्रॉइडवरच्या ॲपल म्युझिकमधून विम प्रोवर कास्ट केलं, तर लॉसलेस (काहीही न गाळलेलं) पोचतं का, की २५६ किलोबिटचं एएसीच येतं? कृपया ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सांगावं, जाहिरातीतलं मी वाचलंय. एएसीच येत असेल तर डॅकवर पैसे घालण्यापेक्षा सेवा बदलणं शहाणपणाचं. स्पॉटिफायनेही २०२५मध्ये लॉसलेस सुरू केलंय, २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत, आणि माझ्या गरजेला ते भरपूर आहे.

भरपूर असं म्हणते कारण १९२ किलोहर्ट्झचा आग्रह मला नाही. ४४.१ किलोहर्ट्झवर २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी पकडता येतो आणि माणसाचा कान २०च्या पुढे जात नाही. अप्पांचा तर या वयात त्याच्याही बराच अलीकडे थांबत असणार. शिवाय आमच्याकडे जास्त वाजतं ते जुनं : मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई आमोणकर, आणि ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेले अब्दुल करीम खाँसाहेब. मिरजेच्या घरात खाँसाहेब नसून चालायचं नाही. त्या तबकड्यांत वरचे स्वरांश मुळातच फार थोडे आहेत. तिथे डॅक काही भर घालू शकत नाही, आहे ते न बिघडवता पोचवावं एवढंच.

एक गोष्ट मात्र कोणी सहसा लिहीत नाही आणि आमच्यासाठी ती फार महत्त्वाची आहे : दोन ट्रॅकमधली फट. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्यावर असं तोडलेलं असतं. मध्ये अर्धा सेकंद शांतता आली की तानपुरा तुटतो आणि समेकडे चाललेला सगळा ओघ जातो. विमवर गॅपलेस आहे असं म्हणतात, पण कास्ट करतानाही ते टिकतं का? हा माझा दुसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने चिपच्या नावापेक्षा हा मोठा.

डॅकमधल्या मुख्य चिपबद्दल माझं मत मांडते, चुकत असेल तर दुरुस्त करा. ऑक्टोबर २०२०मध्ये जपानमध्ये नोबेओका इथे एकेएम या डॅकच्या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली, चिपांचा तुटवडा झाला आणि कितीतरी उत्पादकांना आपल्या डॅकमध्ये दुसऱ्या कंपनीची चिप बसवावी लागली. तरीही चांगले बनवलेले डॅक चांगलेच राहिले. चिपच्या पुढचा ॲनालॉग भाग, वीजपुरवठा आणि एकूण मांडणी हेच जास्त ठरवत असावं. मोजमापात (गाण्यापेक्षा खरखर आणि विकृती किती खाली आहे, त्यात) ११० डेसिबलच्या पुढे गेलेल्या दोन डॅकमधला फरक फरशीच्या हॉलमध्ये, पंखा चालू असताना ऐकू येईल असं मला वाटत नाही. दुकानात तुलना करताना दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा केला नाही, तर जो किंचित मोठा तोच 'खुला' वाटतो, हेही लक्षात ठेवलंय.

मग तिसरा प्रश्न उरतो : विम प्रोच्या आतला डॅक पुरेसा आहे, की मिनी घेऊन ऑप्टिकलने ई३० टूला जोडावा? ऐकून सांगा. आणि जुना ॲम्प्लिफायर वापरणाऱ्यांना खास विचारते : आजचे डॅक २ व्होल्ट देतात, त्या काळच्या ऑक्स इनपुटना दीडशे-दोनशे मिलिव्होल्ट पुरायचे. आवाजाची कळ घड्याळातल्या आठ-नऊच्या जागी, म्हणजे जेमतेम फिरवून ठेवली तरी हॉल भरून जातो असं होत असेल, तर अप्पांना बारीक आवाज लावणं अवघड जाईल. डॅकमध्येच आवाज कमी करून ठेवायचा की मध्ये ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) घालायचा?

बजेट सगळं मिळून पंधरा हजार, फार तर वीस. भारतात बिलावर, वॉरंटीसह मिळेल असंच सांगा. बाहेरून मागवून कस्टमच्या फेऱ्यांत अडकायचं नाही.

भर (प्रतिसाद वाचून) :

सगळ्यांचे आभार. 'आधी स्पीकर बदला' असं तिघाचौघांनी सुचवलंय. एरवी मीही तेच सांगितलं असतं, पण लॅपटॉपच्या वायरीवर याच स्पीकरमधून तानपुरा स्वच्छ आला, म्हणजे अडथळा अलीकडे आहे. आर-टू-आर डॅकची (तयार चिपऐवजी रोधकांच्या साखळीवर चालणाऱ्या) शिफारस वाचली. त्याचा गोडवा अनेकांना भावतो हे खरं असेल, पण या बजेटमध्ये मी तिकडे वळणार नाही. रास्पबेरी पाय (स्ट्रीमर म्हणून वापरता येणारा छोटा संगणक) सुचवणाऱ्यांनी तळमळीने लिहिलंय, पण मी कामानिमित्त बाहेर असते. ते अडलं तर अप्पांना सुरू करता येणार नाही.

टीव्हीचं ऑप्टिकल आउटपुट वापरा ही सूचना चांगली आहे. टीव्हीचा आवाज पीसीएमवर (साध्या, न दाबलेल्या डिजिटल रूपात) ठेवावा लागेल, कारण हे डॅक डॉल्बी उलगडत नाहीत. टीव्हीवरच्या मैफलींसाठी ते करूनच टाकते. म्हणजे वेगळ्या डॅकला आता एक जास्तीचं कारण मिळालं.

सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात कोणाकडे विम प्रो किंवा ई३० टू असेल आणि तासभर ऐकू देणं शक्य असेल, तर व्यनि (वैयक्तिक निरोप) करा. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर गाडीत घालून मी येईन, अप्पांनाही आणेन. रविवारी सकाळ आम्हाला सोयीची.