दोन खुर्च्या, चार एअरोटर आणि संध्याकाळची गर्दी

होटगीरोडकर: सोलापुरात दोन खुर्च्यांचं दातांचं क्लिनिक, संध्याकाळी ५ ते ९ मध्ये बारा-तेरा पेशंट. दोन असिस्टंट, रिसेप्शनला एक ताई. साडेसहानंतर सगळं कोलमडतं. अपॉइंटमेंट घेऊन आलेल्यांनाही तासभर बसावं लागतं, अक्कलकोट-मोहोळकडच्यांची एसटी चुकते आणि राग निघतो तो ताईंवर. तिसरी असिस्टंट घ्यावी का? एअरोटर (दात कोरायचं हवेवर फिरणारं हत्यार) चार, बी क्लास ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) एक.

वाफ१३४: सर, चार एअरोटरवर तिसरी मुलगी घेतलीत तर तिघी मिळून ऑटोक्लेव्हचं दार उघडायची वाट बघतील. १३४ अंशांवर हत्यारं ठेवायची ती तीन-चार मिनिटंच. पण निर्वात करणं, तापवणं आणि सुकवणं धरून अख्खी सायकल ४०-५० मिनिटं खाते. त्याआधी पुसणं, तेल घालणं, पाऊचमध्ये बंद करणं. म्हणजे ५ वाजता वापरलेला एअरोटर सव्वासहाच्या आत हातात येत नाही, तोवर दोन्ही खुर्च्यांवर मिळून चारही वापरून झालेले असतात. तुमचं साडेसहाचं कोडं हेच. किमान सात हवेत.

घाईत हमखास होणाऱ्या चुका: तेल घातल्यावर एअरोटर काही सेकंद फिरवून जादा तेल बाहेर न काढणं (पाऊचवर तपकिरी डाग दिसले की समजा), पाऊच एकमेकांवर रचणं, सुकण्याआधीच दार उघडणं. ओलं पाऊच निर्जंतुक धरायचं नाही, पुन्हा लावायचं. आणि एअरोटर अल्ट्रासॉनिकमध्ये कधीच नाही, बेअरिंग जातात.

खुर्ची_नं_२: अर्धा घोळ अपॉइंटमेंटच्या वहीत आहे. सगळ्यांना सरसकट अर्धा तास देत असाल तर आरसीटी (रूट कॅनल) पुढच्या दोघांचा वेळ खाणारच. स्केलिंग (दातांची सफाई) ४० मिनिटं, साधं फिलिंग ३०, आरसीटीची पहिली बैठक ६०. सव्वासहा आणि पावणेआठला पंधरा-पंधरा मिनिटं कोरी ठेवा, दुखतंय म्हणून न सांगता येणारे तिथे बसतात. खालच्या जबड्याचा ब्लॉक (भुलीचं इंजेक्शन) चढायला तीन-पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात दुसरी खुर्ची बघून होते. गावाकडच्यांना ५ ते साडेसहाच. संक्रांतीच्या गड्ड्यात (सिद्धेश्वर यात्रेत) नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी लांबलचक कामं घेऊच नका, रस्ते बंद असतात.

दात काढल्यावरच्या सूचना मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही छापा. कापसाचा बोळा ४५ मिनिटं दाताखाली दाबून धरायचा. २४ तास थुंकणं, चूळ, मावा, विडी बंद. सारखं थुंकून रक्ताची गुठळी निघाली की तोच माणूस दोन-तीन दिवसांनी ठणका घेऊन दारात, अपॉइंटमेंटशिवाय.

पांढरा_डबा: एअरोटरचं पटलं, तिसऱ्या हाताचं नाही. खुर्चीशेजारची मुलगीच धुवायला जाते, मग सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) कोण धरणार? साडेपाच ते नऊ फक्त धुणं-पॅकिंगसाठी अर्धवेळ मावशी ठेवा, जाड रबरी हातमोजे द्या. हिपॅटायटिस बी चे ०, १, ६ महिन्यांचे तिन्ही डोस सगळ्यांना, खर्च क्लिनिकचा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी), १० च्या वर हवं. मुली टिकत नाहीत याला पगाराइतकीच सुई टोचायची भीतीही कारण असते. सुईला दोन हातांनी टोपण लावणं बंद. सुई काढायची ती डॉक्टरांनी, तिथल्या तिथे सुयांच्या पांढऱ्या डब्यात. बाकी कचरा रंगाप्रमाणे: रक्ताचा कापूस पिवळ्यात, सक्शन टिप आणि हातमोजे लालमध्ये, भुलीच्या औषधाची काचेची कार्ट्रिज निळ्यात. आणि गर्दी कितीही असो, असिस्टंटच्या हातात स्केलर द्यायचा नाही.

होटगीरोडकर: तीन एअरोटर मागवतो. ऑटोक्लेव्हला बोअरचं पाणी गाळून चालेल का?

वाफ१३४: नाही. गाळल्याने क्षार जात नाहीत. चेंबरमध्ये पांढरा थर धरतो, व्हॉल्व्ह अडकतो आणि नेमकी संध्याकाळीच सायकल अर्धवट थांबते. डिस्टिल्डच घाला, दहा लिटरचा एक कॅन कायम शिलकीत ठेवा.