बिल्डिंगचे फोटो काढणं हे पूर्णवेळ काम होऊ शकतं का? ठाणे-नवी मुंबईत कोणी करतंय का?

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्ट आहे, राहायला ठाण्यात, नोकरी वाशीला, दिवसभर ऑटोकॅडवर टॉयलेट डिटेल्स काढतो पण मन रमतं ते कॅमेऱ्यात. आमच्या सरांच्या एका शाळेचे फोटो मी काढले, त्यांनी ते वेबसाइटवर टाकले आणि आता त्यांचे मित्र विचारतायत की आमच्याही प्रोजेक्टचे काढून देशील का. तर यावर पोट भरतं का? टिल्ट-शिफ्ट लेन्स (उंच बिल्डिंगच्या रेषा सरळ ठेवणारी) घ्यावीच लागते का, किंमत लाखाच्या वर आहे. आणि मुख्य म्हणजे माझे फोटो स्वच्छ येतात, रेषा सरळ, आकाश निळं, पण बघताना बिल्डरचं ब्रोशर वाटतं. काय कमी पडतंय? घरचे म्हणतात लग्नाचे काढ, पैसे तिथे आहेत.

नेरूळ_पूर्व:
बरीच वर्षं हेच करतोय म्हणून सविस्तर लिहितो. पोट भरतं, पण एकट्या आर्किटेक्टच्या जिवावर नाही. त्याच बिल्डिंगचे फोटो इंटिरियरवाल्याला, काँट्रॅक्टरला, काचकामवाल्याला, लाइटवाल्याला सगळ्यांना हवे असतात, शूटच्या आधीच सगळ्यांशी बोलायचं, खर्च वाटून घ्यायला लावायचा आणि प्रत्येकाला वापराचं लायसन्स वेगळं द्यायचं. एक गोष्ट नीट समजून घे, कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि उलट काही ठरलेलं नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो, तू नाहीस. त्यामुळे बॅगेतून कॅमेरा काढायच्या आधी एक पानाचा करार हवाच, ओळखीतल्या कामालाही.

लेन्स आत्ता विकत घेऊ नकोस, भाड्याने घे. कॅमेरा वर केला की बिल्डिंग मागे कलते, शिफ्ट लेन्समध्ये कॅमेरा सरळच राहतो आणि लेन्स वर सरकते, एवढंच तिचं काम. ती नसेल तर कॅमेरा लेव्हलमध्ये ठेव, वाइड लेन्सने काढ आणि खालचा रस्ता कापून टाक. किंवा समोरच्या सोसायटीत विनंती करून तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या जिन्यातून काढ, मला तर तेच जास्त आवडतं. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं पण वरचा भाग ताणला जातो.

आता ब्रोशरचं. तू बहुतेक दुपारच्या उन्हात किंवा मिळेल त्या वेळेला काढतोस. आपल्याकडे डिसेंबरात दुपारीही सूर्य दक्षिणेला बराच खाली असतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं आणि छज्ज्याच्या सावल्या भिंत झाकून टाकत नाहीत. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात थेट ऊन मिळतच नाही, तिच्यासाठी एप्रिल-मे, तेही सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, तेव्हा ऊन भिंतीला घासून जातं आणि प्लास्टरचा, विटेचा पोत उठून दिसतो. जूनमध्ये पाऊस आला की संपलं, मग ऑक्टोबरची वाट बघ, तेव्हा हवा धुतलेली असते, जानेवारीत खाडीवरच्या धुरक्यात लांबचं काही दिसत नाही. म्हणजे क्लायंटला सांगायची पहिली गोष्ट तारीख नाही, महिना. आणि संध्याकाळी आतले दिवे आणि बाहेरचं आकाश सारखं उजळ दिसतं ती वेळ आपल्याकडे फार थोडी असते, सूर्य बुडायच्या आधीच ट्रायपॉड लावून, फ्रेम ठरवून उभं राहायचं.

बेलापूर_सेक्टर_८:
मी आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये राहते. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलेली वसाहत, सात-सात घरं ८ बाय ८ मीटरच्या चौकाभोवती, असे तीन गट मिळून १२ बाय १२ चा मोठा चौक. दोन घरांची भिंत मुद्दाम सामाईक ठेवली नाही, कारण ज्याला जसं जमेल तसं त्याने घर वाढवावं. आणि लोकांनी वाढवलं, कौलं गेली, स्लॅब आले, मजले चढले, काही घरं पाडून नवीच झाली. कॅमेरा घेऊन येणारे मात्र पुस्तकातल्यासारखं एखादं कौलारू घर शोधतात आणि शेजारचं वाढवलेलं घर फ्रेमबाहेर ठेवतात. मला ते अजिबात पटत नाही. वाढणं हाच तर डिझाइनचा भाग होता! चौकात मुलं खेळतात, कपडे वाळतात, बायका बोलत बसतात, ते आलं तर कळेल ना काय टिकलं.

खारघर_स्टुडिओ:
ताई, तुमचं निम्मं पटतं. आम्हा आर्किटेक्टना ताबा द्यायच्या आधीचे रिकामे फोटो लागतातच, नंतर एसीचे आउटडोअर युनिट आणि ग्रिल आल्यावर आम्ही काय विचार केला होता ते दाखवायला दुसरं काही उरत नाही. पण तेवढ्यावर थांबू नये, वर्षा-दोन वर्षांनी परत यावं हे मीही म्हणेन.

घोडबंदरकर, ल्यूसियाँ एर्व्हे या फोटोग्राफरचे फोटो बघ. १९४९ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेलला आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएची मोठी निवासी इमारत बांधली जात होती, तिथे त्याने एका दिवसात ६५० फोटो काढले आणि कॉर्बुझिएला पाठवले, मग पुढे कॉर्बुझिए जाईपर्यंत तोच त्याचा फोटोग्राफर, चंडीगडचेही त्यानेच काढले. अख्खी इमारत दाखवायचा हट्टच नाही त्याचा. जिन्याचा तुकडा, काँक्रीटवर तिरकी सावली, अर्धा फोटो सरळ काळा, तरी बिल्डिंग कळते. तुझ्या फोटोंत मला वाटतं सगळं सारख्याच महत्त्वाचं दिसत असणार. तुला सेक्शन (इमारत उभी कापून दाखवणारं ड्रॉइंग) वाचता येतो, ते नुसत्या फोटोग्राफरला येत नाही, तर शूटच्या आधी ड्रॉइंग मागून घे आणि आर्किटेक्टला विचार, कुठल्या गोष्टीसाठी क्लायंटशी भांडलात? तो जिना म्हणेल, खिडकी म्हणेल. तिथून सुरुवात कर, एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारी अख्खी बाजू, शेवटी.

घोडबंदरकर:
भांडणाचा प्रश्न सरांना उद्याच विचारतो. नोकरी सध्या ठेवतो आणि सरांच्या मित्रांची ही कामं करार करून घेतो. ताई, आर्टिस्ट्स व्हिलेजला आलो तर चालेल का? ड्रोन आणू का?

नेरूळ_पूर्व:
ड्रोन नको, विमानतळ जवळ आहे, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-वेबसाइटवरचा नकाशा बघितल्याशिवाय या भागात उडवायचाच नाही.

बेलापूर_सेक्टर_८:
ये की. रविवारी सकाळी ये, लोक घरी असतात. चौकात शिरलास की आधी कोणाशी तरी बोल, मग कॅमेरा काढ, म्हणजे कोणी हटकणार नाही. आणि वाढवलेल्या घरांचे नक्की काढ, आमच्या शेजारचे काका त्यांचा जिना स्वतःच दाखवतील, डोक्यातून बांधलाय त्यांनी.