मोठ्या बाबांची 1967 ची स्टँडर्ड हेराल्ड गोठ्यातून काढली, आधी हात कशाला लावू?

बागवाला_वरूड

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. माझे मोठे बाबा डॉक्टर होते. आजूबाजूच्या खेड्यांत पेशंट पाहायला ते ज्या गाडीनं जायचे, ती दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड 1999 मध्ये ते गेले तेव्हापासून गोठ्यात कुटाराच्या ढिगामागं उभी होती. मागच्या महिन्यात गोठ्याचे टिन बदलायचे म्हणून कुटार हलवलं आणि गाडी बाहेर ओढली. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

अवस्था अशी: चारही टायर बसलेले. मागचं डावं चाक फिरतच नाही, बाहेर काढताना ते घासत आलं. ब्रेकचं पायडल दाबलं की थेट खाली जातं. इंजिन फिरत नाही. पंख्याला हातानं जोर लावून पाहिला तर पट्टाच घसरतो. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलं आहे. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा नाही, वार्निशचा वास येतो.

विहिरीवरची मोटर मी स्वतः उघडतो, मोटरसायकलचा कार्बोरेटर साफ करतो, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावतो. चारचाकीला कधी हात लावला नाही. गावातल्या मेकॅनिकनं तेरा नंबरचा पाना लावून एका नटाचे कोपरे गोल केले, मग मीच त्याला थांबवलं. तो म्हणतो, टॉप गियरमध्ये टाकून ट्रॅक्टरनं ओढू, इंजिन आपोआप सुटेल.

मोठी आई 82 वर्षांची आहे. गाडी बाहेर आल्यापासून ती रोज सकाळी तिच्याजवळ खुर्ची टाकून चहा पिते. काल म्हणाली, "एकदा बसव मले त्याच्यात." पोळ्यापर्यंत इंजिन चालू व्हावं असं फार वाटतं. ट्रॅक्टरनं ओढू का? नाही तर सुरुवात कुठून करू?

जुना_फिटर

भाऊ, ट्रॅक्टरनं अजिबात ओढू नका. पंचवीस वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात. ट्रॅक्टरचा झटका बसला की रिंग तुटते, सिलिंडरला चर पडते, आणि जे काम शंभर-दोनशेच्या तेलात झालं असतं ते बोअरिंगवर, म्हणजे सिलिंडर आतून कातण्यावर जातं. त्यात तुमचं मागचं एक चाक जाम. ओढाल तर मार डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गियरना बसेल.

मी अकोल्याकडचा. एसटीत फिटर होतो, पण हेराल्डचं काम मला त्याआधी गॅरेजात उस्तादानं शिकवलं. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली गाडी मला माहीत नाही. बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं, मग पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. चासी, म्हणजे खालचा सांगाडा वेगळा, बॉडी तिच्यावर बोल्टनं कसलेली. इंग्लंडात ही 1959 मध्ये आली, मद्रासला 1961 पासून बनू लागली. हिचीच चासी तोकडी करून 1962 मध्ये ट्रायम्फनं स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. हे मुद्दाम सांगतो, कारण स्पिटफायरचे सुटे भाग इंग्लंडात आजही बनतात आणि पुढच्या सस्पेन्शनचं बरंच सामान हेराल्डला बसतं.

इंजिन असं सोडवा. चारही प्लग काढा. डिझेल आणि पॉवर स्टेअरिंगमध्ये टाकतात ते एटीएफ निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक भोकात चहाचा अर्धा कप ओता. वरून फडकं लावा, नाही तर कुटाराची धूळ आत जाईल. आठ दिवस हात लावू नका, पातळी उतरली की पुन्हा ओता. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून थोडं पुढं, थोडं मागं. एक सूत हललं तरी त्या दिवशी तिथंच थांबा. पान्याला पाइप लावून जोर करू नका. सुटलं की खालचं ऑइल पूर्ण काढून टाका, कारण तुमचं डिझेल झिरपून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरलेलं असतं. नवं 20डब्ल्यू-50 भरा आणि प्लग न लावताच स्टार्टर मारा. वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत तेल चढलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. पुढच्या दोन्ही चाकांमागं, खालच्या बाजूला, पितळेसारखा एक तुकडा आहे. ट्रनियन म्हणतात. चाकाचा उभा पोलादी दांडा खाली आट्यांनी त्याच्यात बसतो. स्टेअरिंग फिरवलं की तो दांडा त्या आट्यांत फिरतो, म्हणजे चाकाचा सगळा भार त्या आट्यांवर. तिथं ग्रीस नाही, ईपी 90 गियर ऑइल द्यायचं असतं. ग्रीस घट्ट, ते आट्यांत वर चढत नाही. मग तिथं पाणी साचतं, दांडा आतून गंजतो आणि एक दिवस तुटतो. तुटतो तेव्हा चाक मडगार्डाखाली आडवं पडतं. बहुतेकदा गाडी हळू वळवताना होतं, पण रस्त्यावर वेगात झालं तर माणूस जातो. आपल्याकडच्या मेकॅनिकांनी वर्षानुवर्षं सगळीकडं ग्रीस गन मारली आहे, म्हणून तुमच्या गाडीत ग्रीसच असेल असं धरून चाला. दोन्ही बाजूंचे उघडा, आटे ब्रशनं साफ करा, खड्डे पडलेले दिसले तर दांडा आणि ट्रनियन दोन्ही बदला. डाव्या-उजव्याची अदलाबदल करू नका, एकाचे आटे उलटे असतात.

मोठ्या आईंना बसवायचं आहे ना? तर क्रम असा ठेवा: ब्रेक, ट्रनियन, टायर, मग इंजिन. बंद इंजिनाच्या गाडीनं कोणाचा जीव जात नाही.

वणीची_लेक

जुना_फिटर काकांच्या ट्रनियनच्या परिच्छेदाला माझा हात जोडून नमस्कार. आमच्या बाबांकडं हेराल्ड होती. आम्ही दोघांनी मिळून ती सांभाळली, आता मी एकटी सांभाळते.

दादा, तो गोल झालेला नट: या गाडीचे नट इंची आहेत. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे 12.7 मिमी, तिथं तेराचा पाना ढिला बसतो आणि कोपरे खातो. पहिला खर्च इंची पान्यांचा करा. 7/16, 1/2 आणि 9/16 हे तीन असले की बरंचसं काम होतं.

बॅटरी जोडण्याआधी बॉडीला कोणती वायर जाते ते नीट पाहा. त्या काळच्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत प्लस बॉडीला असायचा. सवयीनं मायनस जोडला तर डायनॅमो आणि वायरिंगचं नुकसान होतं. मधल्या काळात कोणी बदललेलंही असू शकतं, म्हणून अंदाजानं जोडू नका.

टाकी खाली उतरवूनच साफ करा. आम्ही डिझेल आणि मूठभर बारीक गिट्टी टाकून दोघांनी अंगणात हलवली होती, तीन वेळा तांबडं पाणी निघालं. तिला गळती असेल तर वेल्डिंगवाल्याकडं तशीच नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा वाईट, स्फोट होतो. आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप टाका फेकून. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि भेगाळतं. पेट्रोल पंपाच्या आतला पडदाही बदला. तो फाटला तर पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका.

उन्हाळ्याचं एक. मे महिन्यात यवतमाळहून वणीला येताना आमची गाडी भर दुपारी बंद पडली, स्टार्टर फिरतो पण इंजिन धरत नाही. पेट्रोलची पाइपातच वाफ झाली होती. बाबांनी पंपावर ओलं फडकं ठेवलं, आम्ही निंबाखाली अर्धा तास बसलो आणि गाडी निघाली. बाबांचा ओला दुपट्टा अजून माझ्या डिकीत असतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरू नका, आपल्याकडच्या पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो आणि मग 45 डिग्रीत तापमानाचा काटा खाली येत नाही.

आरटीओ_अनुभव

कागदांचं थोडक्यात. 2021 च्या नियमांप्रमाणं पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढं नूतनीकरणाला 5,000. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठी चालते. गाडी मोठ्या बाबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. जुनं आरसी बुक शोधा, ते हातात असलं की अर्धं काम झालं.

बागवाला_वरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

ट्रॅक्टर परत पाठवला. अमरावतीहून इंची पाने आणले. आरसी बुक मोठ्या आईच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली निघालं. तिला जागा पाठ होती, आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

ब्रेक आधी घेतले. मागून जॅक लावला तर दोन्ही चाकं खालून आत वळली, काहीतरी तुटलं म्हणून छातीत धस्स झालं. फोटो पाहिल्यावर कळलं की या गाडीचा मागचा एक्सलच तसा आहे. जॅकवर भरवसा न ठेवता खाली सागाचे ओंडके लावले. डाव्या चाकाचा ड्रम हँडब्रेकची तार सोडून, ॲडजस्टर ढिला करून, लाकडी हातोड्यानं गोल गोल ठोकत दोन दिवसांत निघाला. आतला सिलिंडर गंजून एकजीव झाला होता. चारही चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचे रबर नवे घातले, पाइपही नवे. एकाच लाइनवर चारही चाकं आहेत, एक पाइप फुटला तर काहीच उरत नाही, हे कळल्यावर जुना एकही पाइप ठेवायची हिंमत झाली नाही. हवा काढायला पुतण्या पायडलवर, मी बाटली आणि पारदर्शक नळी घेऊन खाली. सगळ्यात लांबच्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. चौथ्या चाकाला पायडल घट्ट लागलं तेव्हा पुतण्या ओरडला, "काका, दगड झाला!"

ट्रनियन उघडले. काका, तुम्ही म्हणाला तसंच. ग्रीसचा काळा खडा झाला होता. डावा दांडा ठीक आहे. उजव्याचे खालचे चार-पाच आटे खाल्लेले आहेत आणि एका जागी नखानं लागेल अशी चर आहे. इंजिन परवा सुटलं, पुली पूर्ण एक फेरा फिरली. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणलं आहे, टॅपेट आणि डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट लावायचे आहेत.

आता एकच विचारतो. उजवा दांडा इंग्लंडहून यायला वेळ लागेल, पोळा त्याआधी येतो. गाडी फक्त अंगणातल्या अंगणात, वीस पावलं, चालवली तर चालेल का?

जुना_फिटर

नाही भाऊ. चर नखाला लागते म्हणजे तो दांडा संपला आहे, आणि तो तुटतो तो अशाच हळू वळणाला. वीस पावलं नको.

पण पोळ्याला गाडी धुवा, ओंडक्यांवर उभी ठेवा, चाकांना अडसर लावा. टॅपेट थंड इंजिनाला दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पॉइंट पंधरा, प्लग पंचवीस. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम, 1-3-4-2. दांड्याची काही गरज नाही, इंजिन जागेवर चालू करता येतं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, गोठ्याबाहेर उघड्यावर, हाताशी वाळूची बादली. मोठ्या आईंना शेजारच्या सीटवर बसवा आणि चावी त्यांनाच फिरवू द्या.

बागवाला_वरूड

हाव काका. दांडा आणि ट्रनियन दोन्हीची ऑर्डर आत्ताच टाकली. मोठ्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली डॉक्टर कधीच तिला चावी फिरवू देत नव्हते.