मदत हवी आहे : मनोवेदना मराठीत कशी विचारावी आणि मिळालेल्या आकड्याचे काय करावे?

नमस्कार. मी मुंबईत मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आठवड्यातून दोन दिवस परळमधील एका समुपदेशन केंद्रात काम करते. मनोवेदनेचे मापन आणि तिचे आत्महत्येच्या जोखमीशी असलेले नाते हा माझ्या प्रबंधिकेचा विषय आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी १९९३ साली या वेदनेला 'सायकेक' असे नाव दिले. नैराश्य, अपमान, एकटेपणा ही कारणे आत्महत्येपर्यंत पोहोचतात ती असह्य झालेल्या मनोवेदनेच्या वाटेने, आणि 'असह्य' कशाला म्हणायचे याची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २००१ मध्ये रोनाल्ड होल्डन आणि सहकाऱ्यांनी तेरा वाक्यांची मोजपट्टी तयार केली. तिच्यात प्रत्येक वाक्याला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण १३ ते ६५ गुण मिळतात. मी हीच मोजपट्टी मराठीत आणत आहे आणि त्यासाठी मूळ कर्त्यांकडे परवानगीचा अर्ज केला आहे.

पहिली अडचण शब्दांची आहे. 'मानसिक वेदना' हा शब्द उच्चारताच समोरची व्यक्ती सावरून बसते. एका निवृत्त गृहस्थांनी मला लगेच थांबवले आणि म्हणाले, "मानसिक काही नाही हो ताई, डोकं ठिकाणावर आहे माझं." (ओळख पटू नये म्हणून येथे तपशील बदलले आहेत.) त्याच गृहस्थांनी पाच मिनिटांनी, छातीवर तळहात ठेवून, "इथे सारखं काहीतरी पोखरतंय" असे सांगितले. 'मन दुखते का' असे विचारावे, तर कोणी मन दुखावले का, असा अर्थ घेतला जातो आणि उत्तरात सुनेची किंवा भावाची तक्रार येते. 'दुखणे' म्हटले की आजार आठवतो, आणि 'दुःख' म्हटले की घरात कोणी गेले आहे का, असे लोक समजतात. लोक स्वतःहून बोलतात ते जिवाची घालमेल होते, तगमग होते, जीव नकोसा झाला आहे, या शब्दांत. पण 'घालमेल' परीक्षेच्या निकालाआधीही होते, त्यामुळे तो शब्द घेतला तर आपण वेदनेऐवजी चिंता मोजू, अशी मला भीती वाटते. 'जीव नकोसा होणे' हा शब्दप्रयोग तर थेट मरणाच्या इच्छेला भिडतो. तो मोजपट्टीत आला, तर वेदना आणि आत्महत्येचे विचार यांचे नाते अभ्यासातून न दिसता प्रश्नाच्या शब्दांतूनच तयार होईल.

दुसरी अडचण काळाची. वेदना किती आहे हे दाखवण्याच्या शून्य ते दहाच्या रेषेवर एका तरुणीने पेन्सिलीने चारवर खूण केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि मग पुन्हा ओढून घेत म्हणाली, "हे आत्ताचं. रविवारी रात्री सगळे झोपल्यावर विचारलंत तर रेष पुरणार नाही." तेव्हापासून 'आत्ता' आणि 'गेल्या पंधरा दिवसांतील सर्वांत वाईट वेळ' असे दोन वेगळे प्रश्न मी विचारते. हे शास्त्रीयदृष्ट्या चालेल का?

तिसरी अडचण मला सर्वांत जास्त छळते. किती गुणांच्या पुढे जोखीम 'जास्त' मानायची, ती सीमारेषा प्रबंधिकेत असावी असा माझ्या मार्गदर्शकांचा आग्रह आहे. कॅनडातील विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरील अभ्यासांत मनोवेदनेचे आत्महत्येच्या विचारांशी असलेले नाते नैराश्य आणि हताशेपेक्षा घट्ट आढळले, हे खरे आहे. परंतु २०१७ साली आत्महत्येच्या जोखमीवरील ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा कोणत्याही एका जोखीमघटकावरून वर्तवलेले भाकीत नाणेफेकीपेक्षा थोडेसेच बरे ठरले. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा मोजपट्ट्यांवरून पुढील आत्महत्येचे भाकीत करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. मग मी आखलेल्या रेषेच्या एक गुण खाली असलेल्या माणसाला कोणी 'काळजीचे कारण नाही' म्हणून घरी पाठवले तर?

सध्या गुण कितीही येवोत, मी प्रत्येकाला मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारते. विचारल्याने तसे विचार मनात रुजत नाहीत, हे संशोधनातून दिसले आहे. उत्तर 'हो' असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडत नाही, तिच्या संमतीने घरच्यांना बोलावते, पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीपर्यंत सोबत जाते आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक लिहून देते. हा धागा वाचताना कोणाला स्वतःसाठी गरज वाटली, तर हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

मानसोपचार, परिचर्या किंवा भाषांतर क्षेत्रातील सदस्यांनी शब्दांबद्दल आणि सीमारेषेबद्दल कृपया लिहावे. कोकण, विदर्भ, मराठवाडा येथील सदस्यांनी आपल्या घरात या वेदनेला काय म्हणतात, तेवढे सांगितले तरी मोठी मदत होईल. ज्यांनी हे स्वतः सोसले आहे, त्यांनी इच्छा असेल तरच आणि हवे तर व्यनितून (खासगी निरोपातून), त्या काळात कोणता प्रश्न विचारला असता तर खरे उत्तर दिले असते, ते मला कळवावे.